दुखणं पायाचं, टाके पोटाला

यवतमाळ, १२ जानेवारी २०२५

भिया,

जय सेवालाल. मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. कोकणातली पोरं समोर बसलेली असताना मास्तरला बहिणीचं पत्र फाडून फेकता येणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

फोनवर तू जे बोललास ते मी मुकाट ऐकलं, कारण मध्ये बोलायला तू जागाच ठेवली नाहीस. "पायाले जखम झाली आन् डॉक्टर पोट कापून राह्यले? हे कोणतं शास्तर व?" मग म्हणालास, "बापूच्या टायमाले तीनदा त्या दारासमोर उभा राह्यलो. आधी अंगठा, मंग पाऊल, मंग गुडघ्यापासून. तिसऱ्यांदा बापू बाहेर आलेच नाई. आता कोणाच्याच ऑपरेशनच्या दारासमोर मी उभा राहणार नाई." आणि फोन ठेवलास. आपल्या घरात भांडण झालं की दोन्ही बाजू बोलतात. तू एकट्यानेच उरकून घेतलंस.

तर शास्त्र ऐक, मला समजलं तेवढं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. उमरखेडच्या गाडीवर माझी ड्युटी होती. महागावचा बाजार असल्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यातली अर्धी जागा मीच अडवलेली. सुटे देताना एक नाणं हातातून निसटलं. शोधलं, सापडलं नाही, मी डबल बेल दिली आणि विसरले. पाय सुजतात म्हणून मी दोन नंबर मोठा बूट घालते. डेपोत परत येऊन बूट काढला तर मोजा ओला लागला आणि नाणं माझ्या अंगठ्याखाली तळव्यात रुतून बसलेलं. अख्खी ड्युटी मी त्याच्यावर उभी होते. भिया, मला काहीच कळलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ती जखम थोडी भरते आणि पुन्हा उघडते. पायाचे डॉक्टर म्हणतात, साखर खाली आल्याशिवाय ती भरायची नाही. आणि माझी साखर काही केल्या खाली येत नाही. अकरा वर्षांचा आजार, त्यात इन्सुलिन, थायरॉइड, बीपी, वर एकशे एकोणीस किलो. नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की जठराची लहानशी पिशवी करायची, आतड्याचा वरचा भाग वगळून अन्न खालच्या आतड्यात सोडायचं. त्यानं वजन तर उतरतंच, पण साखरही उतरते. तुझे भाऊजी डेपोतले मेकॅनिक, त्यांना लगेच समजलं. मला म्हणाले, "इंजिन तेच राह्यते, फक्त पाईप दुसरीकडून टाकतात." झालं, घरात चर्चा संपली.

चोवीस तारखेला ऑपरेशन आहे. जखम तशी लहानच आहे, काळजीचं काही नाही. तू येऊ नकोस. पण ब्लॉक काढून एकदा "जा" म्हण. बापूंच्या पश्चात ते म्हणायचा मान तुझा आहे.

तुझी,
वर्षा


नागपूर, २८ जानेवारी २०२५

भिया,

आहे मी. "जा" आला नाही, तरी गेले आणि परत आले.

पोटावर बारीक बारीक टाके आहेत. मला वाटलं होतं दाभणानं पोतं शिवतात तसं काहीतरी असेल. बापूंचं पाहिलेलं आपण. इथं तर दुसऱ्या दिवशीच मला उभं केलं आणि चालायला लावलं, पायात गादी असलेला खास बूट घालून.

पण मी तुला लिहिते आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तुझे भाऊजी ऐकता ऐकता झोपले.

आज सकाळी सिस्टर बोट टोचायला आली. माझी उपाशीपोटीची साखर तुला माहीत आहे. दोन वेळा इन्सुलिन घेऊनही ती दोनशेच्या खाली कधी बसली नाही. सिस्टर म्हणाली, "एकशे सव्वीस." मी म्हटलं, "मॅडम, मशीन खराब आहे तुमचं." तिनं दुसरं मशीन आणलं. एकशे एकवीस. आणि इन्सुलिन त्यांनी आधीच बरंच कमी केलेलं. मी म्हटलं, दुसऱ्याचं बोट टोचलं असेल, तशी ती हसायला लागली.

वजन म्हणशील तर एक किलोही उतरलेलं नाही. उलट सलाईनचं पाणी भरून काटा दोन किलो वर गेला. मग साखर कशी उतरली? मी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एक तर खाणं अगदी कमी झालंय. दुसरं म्हणजे अन्न आता आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचतं, आणि तिथून असा काही रस रक्तात सुटतो की झोपलेलं स्वादुपिंड कामाला लागतं. तुमचं स्वादुपिंड थकलंय, पण मेलेलं नाही, असं म्हणाल्या. त्रेचाळीस वर्षं मी हे शरीर ओढत नेते आहे, शिव्या देते आहे, आणि त्याच्या आत असं काही आहे याचा मला पत्ताच नव्हता. दोन ठिकाणचा रस्ता बदलला आणि सगळ्या रक्ताला कळलं!

दुसरं नवल सांगते. मुगाच्या डाळीचं पाणी देतात, दोन चमचे. दोन चमचे झाले की पोट म्हणतं, पुरे. हा शब्द माझ्या पोटानं जन्मात उच्चारला नव्हता. लग्नाच्या पंगतीत वाढपी थकायचे, मी नाही. काल मी वाटी बाजूला ठेवली आणि रडले. दुःखानं नाही रे. मला वाटायचं, लोकांना हे "पुरे" ऐकू येतं आणि ते शहाणे असतात. मला ऐकूच येत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर लोहाऱ्याची दीपा आहे. एमआयडीसीत कपडे शिवते. वजन माझ्याएवढंच, पण साखर नाही, बीपी नाही, काही नाही. आमचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. मला म्हणते, "ताई, आपल्या दोघींचा एकच वाढदिवस." गोड आहे पोरगी.

तू पत्र वाचतोस की नाही कोण जाणे. वाचत असशील तर जेवायच्या आधी वाच.

वर्षा


तांडा, १८ फेब्रुवारी २०२५

भिया,

मी माहेरी, याडीकडे आले आहे, विश्रांतीला. महागावपासून तांड्यापर्यंतचा रस्ता आता डांबरी झालाय. तू आलास तर ओळखणार नाहीस.

काय झालं ते तुला कोणाकडून तरी कळेलच, आणि कळताना त्यात मीठमसाला पडेल. म्हणून मीच सांगते.

पंधरा तारखेला सेवालाल महाराजांची जयंती. तुला आठवतं ना, आपल्या घरची सणाची सुई? सणाला बापूंना लापशी हवी असायची, आणि ती पचावी म्हणून याडी त्यांना इन्सुलिन जास्त द्यायची. डॉक्टरांनी कधी सांगितलं नव्हतं, आपल्याच घरानं काढलेली रीत. होळीला, दिवाळीला, लग्नाला. मलाही आजार लागला तशी माझीही सणाची सुई सुरू झाली. आपल्याला ती पुरणाइतकीच सणाची वाटायची.

डॉक्टर मॅडमनी माझं इन्सुलिन रात्रीच्या एका लहानशा डोसावर आणलेलं होतं. पण जयंतीच्या सकाळी चुलीवर लापशी शिजत होती, भोगासाठी तूप-गूळ ताटात काढलेला होता, आणि याडी सुई भरून माझ्यासमोर उभी. म्हणाली, "आज सण हाय. बापूची एक सुई चुकली होती एका लग्नात, मंग काय झालं ते पाह्यलं ना?" जुना पूर्ण डोस, वर सणाचा. मी ते पाहिलं. पाहूनही दंड पुढे केला. अकरा वर्षांची सवय रे, डोक्याआधी हातच पुढे जातो. आणि खायचं काय, तर लापशीचे तीन चमचे. त्याच्या पुढे पोट "पुरे" म्हणतं.

थोड्या वेळानं मला घाम फुटला. हात थरथरायला लागले, समोरच्या एकाचे दोन दिसायला लागले. याडी काय झालं ते विचारत होती, "काई वेगो छोरी? काई वेगो?" आणि मला बोलता येत नव्हतं. जीभ जड झालेली. मशीन लावलं ते याडीनंच. तिला आकडे वाचता येतात. अठ्ठेचाळीस.

मग याडीनं काय केलं माहीत आहे? भोगाच्या ताटातला गूळ उचलला, पाण्यात कालवला आणि चमच्या चमच्यानं माझ्या तोंडात घातला. ज्या बाईनं बापूंचा आजार निघाल्यापासून घरातला गूळ पेटीत कुलूप लावून ठेवला, किल्ली पदराला बांधली, बापूंनी मागितला तर शिव्या घातल्या, ती बाई रडत रडत मला गूळ पाजत होती. "पी माय, पी व. मीच दुश्मन झाली तुही." मी हळूहळू ठिकाणावर आले. लगेच नागपूरला फोन लावला. मॅडम आधी रागावल्या, मग म्हणाल्या की आता इन्सुलिन पूर्ण बंद, रोज साखर मोजून कळवा.

पूर्ण बंद, भिया! मी मोठ्यानं याडीला सांगितलं. तिनं हातातली गुळाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे सुई जास्त झाली म्हणून तू पडली? सुई कमी झाली म्हणून नाई?" मी म्हटलं, "व्हय याडी." तिनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "देवा, हे आंग हाय का काय हाय!" तिला जे वाटलं तेच मला वाटलं. एवढ्याशा गुळाचा असा धाक, आणि एवढ्याशा गुळानं असा जीव परत.

तिला बोल लावू नकोस. चूक आमची दोघींची.

आणखी एक कबूल करते. पहिल्या पत्रात जखम लहान आहे असं लिहिलं होतं. डिसेंबरात पायाच्या डॉक्टरांनी अंगठ्याचं नाव काढलं होतं. म्हणाले, हाडाला अजून धक्का नाही, पण साखर अशीच राहिली तर अंगठा वाचेल याची खात्री मी देणार नाही. बापूंचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू तो शब्द ऐकून फोन ठेवशील असं वाटलं. तू तसाही ठेवलासच.

जखम अजून उघडी आहे.

वर्षा


यवतमाळ, २ जून २०२५

भिया,

आज मी चिडलेली आहे आणि तू हाताशी नाहीस, म्हणून पत्र.

काल दीपा घरी आली होती. दार उघडलं तर मी तिला ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आलेली, पंजाबी ड्रेस घातलेला, आणि तिचा नवरा अश्वजित ऑटोत बसून हसत होता. म्हणाला, "ताई, आता ऑटो पळते!" तिचं वजन चौतीस किलो उतरलंय. माझं सतरा. एकाच दिवशीचं ऑपरेशन, डाळीचं पाणी एकच, प्रोटीनची पावडर एकच, चालणं मी तिच्याइतकं करू शकत नाही हे खरं, पण मी चोरून एक घास खाल्लेला नाही. तरी निम्मं. मी तिला चहा दिला, कौतुक केलं आणि ती गेल्यावर दार लावून घेतलं. असं वाटलं की शरीरानं पुन्हा मला डेपोत उभं करून गाडी सोडून दिली.

आज नागपूरला तपासणी होती. मॅडमनी काट्यावर उभं केलं आणि मी त्यांना विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मी काही खाल्लं नाई हो. आईची शपथ." चोर पकडला गेल्यासारखा माझा आवाज.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "वर्षाताई, तुम्ही खाल्लं असं कोण म्हणतंय? ज्यांना आधीपासून साखर असते त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरतं. त्यात इन्सुलिन घेणाऱ्यांचं आणखी कमी, कारण इन्सुलिन चरबी धरून ठेवायला शिकवतं. शिवाय तुमचा थायरॉइड आहे, गुडघे आहेत, पायामुळे चालणं बंद. जुना प्रत्येक आजार आपापला वाटा मागतो. दीपाची पाटी कोरी होती. तुमची नव्हती. यात तुमचा काही गुन्हा नाही."

भिया, "यात तुमचा काही गुन्हा नाही" हे वाक्य मला आयुष्यात कोणी म्हटलेलं नव्हतं. गाडीतले प्रवासी "मॅडम, तुमचं डबल तिकीट काढा" म्हणायचे, मी त्यांच्याआधी हसायचे. सासरी "तोंड आवर." माहेरी "तोंड आवर." आणि आपण सगळे मिळून बापूंना काय म्हणायचो? तेच. तू, मी, याडी, तिघंही. बापू ताटावरून अर्धपोटी उठायचे आणि तरी वजन हलायचं नाही, आणि आपल्याला वाटायचं की म्हातारा चोरून खातो. मला आज ते इतकं आठवलं की मॅडमच्या समोरच हुंदका आला.

मग त्यांनी माझा पाय पाहिला. भिंग घेऊन पाहिला. म्हणाल्या, "तुम्ही काट्याकडे बघताय. हे बघा." जखमेच्या कडेनं गुलाबी, पातळ, नवी कातडी आलेली. आत आत सरकत चाललेली, सगळीकडून सारखी. मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी जागा उरली आहे. "हे काम करायला ऑपरेशन केलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि ते चाललंय." मी आरशात धरून किती वेळ पाहत बसले. कोणी शिवलं नाही, कोणी चिकटवलं नाही. आतून आपलं आपण येतंय. साखर इतकी वर्षं त्याच्या आड उभी होती, ती बाजूला झाली आणि त्यानं कामाला सुरुवात केली. एवढ्या वर्षांत त्याची विणायची खोड गेली नाही! मी नास्तिक नाही, पण देवळातसुद्धा मी कधी एवढी गप्प बसले नव्हते.

मॅडमनी एवढंही सांगितलं की साखर पुढे परत येऊ शकते. जुना आजार आहे, हमी कोणी देत नाही. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल, मला माहीत आहे आता तिच्याशी कसं बोलायचं.

पत्रासोबत मोज्यांचे सहा जोड पाठवते आहे. पांढरे आहेत. मळतात म्हणून कुरकुर करू नकोस. रोज घाल आणि संध्याकाळी काढल्यावर उलटे करून बघ. का ते विचारू नकोस.

वर्षा


तांडा, १७ ऑगस्ट २०२५

भिया,

भरली!

आधी हेच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहिलं. जखम भरली. जुलै संपता संपता ती ज्वारीच्या दाण्याची तीळ झाली, मग नुसती खूण. पायाच्या डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "अंगठा तुमच्याकडेच राहू द्या." मोठा विनोदी माणूस आहे, डिसेंबरात कळलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढची आहे. ते दरवेळी नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला टेकवतात, मला डोळे मिटायला लावतात आणि विचारतात, "कळलं?" गेलं वर्षभर मी एकच उत्तर देत होते. नाही, नाही, नाही. लहानपणी तू गणित विचारायचास तेव्हा द्यायचे तसं. परवा डोळे मिटून बसले होते. टाचेजवळ काहीतरी झालं. टोचलं म्हणणार नाही, कोणीतरी लांबून हाक मारावी तेवढं. मी ओरडलेच, "कळलं!" बाहेर रांगेत बसलेले लोक दार उघडून बघायला लागले. पुन्हा एके ठिकाणी कळलं. बाकी तळवा अजून मुका आहे आणि तो बोलेलच असं नाही. पण दोन ठिकाणी, भिया. माझा पाय मला दोन ठिकाणी परत मिळाला. मी गाडीत बसून यवतमाळपर्यंत त्या दोन जागा हाताच्या अंगठ्यानं दाबून पाहत होते आणि शेजारची बाई मला वेडी समजत होती.

काल तांड्यात तिजेची सांगता होती. पोरींनी टोपल्यांत पेरलेला गहू हातभर वाढला होता, पिवळाधमक. तिजेची गाणी सुरू झाली आणि याडीनं मला फेरात ढकललं. म्हणाली, "नाच व. चप्पल काढून ये, देवाचं हाय." मी म्हटलं, "याडी, देवाले सांग, पाय माहा हाय आन् बूट निघणार नाई." बुटासकट नाचले. वजन अजून सत्त्याण्णव आहे, दीपाचं सत्तर. नाचताना मला एकदाही आठवलं नाही. पोरी भावांच्या पागोट्यात तिजेचे कोंब खोवत होत्या. मी चार कोंब बाजूला काढून ठेवलेत. वाळून काड्या होतील, पण पाकिटात घालून पाठवते.

याडी आता गुळाच्या पेटीला कुलूप लावत नाही. आणि घरातली सणाची सुई बंद झाली आहे, हे तिनं साऱ्या तांड्याला दवंडी दिल्यासारखं सांगितलं. किसनसिंग नाईकाच्या घरीही तीच रीत होती म्हणे. याडी त्यांच्या अंगणात उभी राहून त्यांना झापून आली.

पुढच्या महिन्यात मी ड्युटीवर रुजू होते आहे. तू मोजे घालतोस ना?

वर्षा


यवतमाळ, ६ नोव्हेंबर २०२५

भिया,

सोनूवहिनीवर रागावू नकोस. तिनं मला आज फोन केला असं नाही, ती जानेवारीपासून करते आहे. तू मला ब्लॉक केलंस, तिनं नाही.

तुला सात वर्षांपासून साखर आहे आणि तू गोळ्या शाळेच्या कपाटात ठेवतोस, हे मला माहीत होतं. तुझा पाय सुजतो आणि तू सणासुदीलाही घरात बूट काढत नाहीस, हे मला मे महिन्यात कळलं. म्हणून पांढरे मोजे. रंगीत मोज्यावर डाग दिसत नाही, पांढरा लपवत नाही. माझ्या वेळी तो निळा होता.

वहिनीनं सांगितलं की माझी सगळी पत्रं तुझ्या बॅगेत आहेत, आणि तू मोजे रोज घालतोस. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की पुढचं ऐकायला वेळ लागला. पुढचं असं, की परवा धुवायला टाकलेल्या मोज्याच्या अंगठ्याला डाग होता, आणि तिनं विचारलं तर तू म्हणालास, शाई सांडली. भिया, मास्तर असलास तरी पायानं कोणी लिहीत नाही.

मला समजतं. तू बहिणीवर रागावला नव्हतास. त्या दाराला घाबरला होतास. तुला वाटत होतं की आपल्या घरातल्या पायांची वाट एकच आहे, आणि ती तू शेवटपर्यंत पाहिलीस. मलाही तसंच वाटायचं. पण मी माझ्या डोळ्यांनी दुसरं पाहिलं आहे. आतली कातडी सरकताना पाहिली आहे. ते पाहिल्यावर आता मला गप्प बसता येत नाही.

तुझ्या पोटाला टाके पडतीलच असं नाही. तुझा आजार वेगळा, वजन वेगळं. कदाचित गोळ्या बदलून आणि पायाला विश्रांती देऊन भागेल. ते डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही. चिपळूणच्या डॉक्टरांची वेळ वहिनीनं सोमवारची घेतली आहे. आणि ते म्हणाले की आत जावं लागेल, तर बाहेर दारासमोर मी उभी राहीन. बापूंच्या वेळी तू एकटा उभा होतास. मी याडीला धरून घरी बसले होते. आता पाळी माझी.

साहेबांनी रजा देताना तोंड वाकडं केलं, दिवाळीची गर्दी ओसरली नाही म्हणाले. मी म्हटलं, साहेब, वर्षभर तुम्ही मला एका पायावर गृहीत धरलं होतं, आता दोन पायांवर मागते आहे. दिली.

पत्र स्पीडपोस्टानं टाकते आहे, म्हणजे माझ्याआधी पोहोचेल. शनिवारी यवतमाळहून पुण्याच्या गाडीत बसते, तिथून चिपळूण. रविवारी दुपारपर्यंत पोहोचेन. सोबत याडीनं दिलेला गूळ आहे, खायला नाही, साखर अचानक पडली तर खिशात ठेवायला. हे तिचंच डोकं.

स्टँडवर यायची तसदी घेऊ नकोस, तुझा पाय टेकवू नकोस. वहिनी म्हणते स्टँडपासून तुमचं घर चांगलं लांब आहे आणि सगळा चढ आहे. असू दे. मी चालत येईन. मला आता चालता येतं.

दार उघडं ठेव.

तुझी बहीण,
वर्षा